हवेची वाट

व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना नळीच्या तोंडावर तळहात ठेवला, की त्याचा आवाज एकदम चढतो. पहिल्यांदा ऐकणारं माणूस दचकतं. "अगं, काढ हात, मोटर जळेल! किती जोर पडतोय बघ तिच्यावर." मला मात्र हा चढलेला सूर ऐकायला आवडतो, कारण तो नेमकं उलटं सांगत असतो. त्या घटकेला मोटरवरचं ओझं उतरलेलं असतं. आतल्या पंख्याचं काम एकच, समोरून हवा ओढायची आणि मागे फेकायची. तोंड बंद झालं की फेकायला नवी हवा येत नाही. आहे तेवढीच हवा पंख्याबरोबर गरगरत राहते, आणि काम हलकं झालेली मोटर आणखी वेगाने फिरू लागते. एरवीच ती मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेत असते. त्यात भर पडली की सूर वर जातो.

धोका आहे, पण तो दुसऱ्या बाजूने येतो. ही मोटर थंड राहते ती तिनेच ओढलेल्या हवेने. हवा अडली की गारवाही अडला. घटकाभर हात ठेवल्याने काही बिघडत नाही. पण फिल्टर चोंदलेला असताना तासभर सफाई चालली, तर यंत्र तापून आपोआप बंद पडतं. तशी सोय नसेल, तर वाइंडिंग जळतं. म्हणून मी सफाई करताना डोळ्यांइतकाच कानांवर भरवसा ठेवते. नळीचं तोंड मोकळं असूनही सूर चढलेलाच राहिला, तर वाटेत कुठेतरी काहीतरी अडकलंय.

जमिनीलगत चाकांवर बसणारा, पुढे लांब नळी आणि मागे वायर असलेला ठेंगणा डबा, म्हणजे कॅनिस्टर जातीचा व्हॅक्यूम क्लीनर. दांड्याला सगळं यंत्र लटकवलेल्या उभ्या जातीपेक्षा मला हा जास्त आवडतो. जड मोटर जमिनीवर राहते आणि हातात फक्त नळी येते, त्यामुळे पलंगाखाली, कपाटामागे, पंख्याच्या पात्यांपर्यंत हात पोचतो. आत पाहिलं तर सगळी रचना एका वाटेची आहे. ब्रशच्या तोंडातून हवा आत येते, दांड्यातून आणि नळीतून पिशवीत शिरते, धूळ तिथे टाकते, मोटरच्या आधीच्या स्पंजातून गाळली जाऊन पंख्यात जाते, मोटरला वारा घालते आणि मागच्या जाळीतल्या शेवटच्या फिल्टरमधून पुन्हा आपल्याच खोलीत येते. खरं तर यंत्र काही ओढत नाही. ते आतला दाब कमी करतं आणि बाहेरची हवा आपणहून धूळ घेऊन आत घुसते. चांगल्या घरगुती यंत्रात तोंड बंद असताना हा दाब वातावरणाच्या साधारण पाचव्या हिश्शाने उतरतो. सतरंजीतली वाळू उचलायला तेवढा पुरतो.

या वाटेवर धूळ अडवायची, पण हवा अडू द्यायची नाही, हे एवढंच काय ते साधायचं असतं. गेली सव्वाशे वर्षं माणसं तेवढ्यासाठीच झटत आली आहेत.

१९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फुंकण्याऐवजी शोषून का घेऊ नये? त्याची गोष्ट अशी सांगतात, की एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल धरला, तोंड लावून जोराने हवा आत ओढली, आणि रुमालाच्या दुसऱ्या बाजूला धुळीचा काळा डाग उमटला. मला ही गोष्ट मोलाची वाटते ती रुमालामुळे. शोषणं सुचणं सोपं होतं. मध्ये कापड धरायला हवं, हे त्याच्या ध्यानात आलं. व्हॅक्यूम क्लीनरच्या जन्माच्या दिवशी हजर होता तो फिल्टरच. बूथचं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं असे. ते रस्त्यावर उभं करून लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचा गृहस्थ एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता. झाडताना उडणारी धूळ सोसेना, म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र उभं केलं, आणि १९०८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे ते हूवर या कातडी सामान बनवणाऱ्या गृहस्थांकडे गेलं आणि त्यांचं नाव इंग्लंडात या कामाचंच नाव होऊन बसलं. आडव्या डब्याला घरोघर नेलं ते मात्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने. १९२१ सालच्या त्यांच्या यंत्राला खाली दोन लांब पट्ट्या होत्या, बर्फावरच्या गाडीला असतात तशा, आणि नळी ओढली की डबा मागून घसरत यायचा. १९५० च्या दशकात हूवरने गोल चेंडूच्या आकाराचं एक यंत्र काढलं. बाहेर पडणारी हवा खाली सोडून ते त्या हवेवरच तरंगायचं, चाकांची गरजच नाही. टाकाऊ हवेलाही कामाला लावणाऱ्या त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आमच्याकडे हे यंत्र आलं ते स्पँगलरच्याच कारणाने. बाबांना दमा होता. मस्कतला नोकरी करणाऱ्या मामाने एका सुटीत ते बरोबर आणलं. चौकोनी पिनांचा प्लग कापून आपल्याकडचा बसवला आणि बैठकीच्या खोलीत सगळे गोल करून बसले. त्या सुमारास आपल्या शहरांतही हे यंत्र दारोदार यायला लागलं होतं. १९८२ साली युरेका फोर्ब्ज सुरू झाली आणि टाय लावलेले तरुण विक्रेते सोसायट्यांचे जिने चढू लागले. ते सोफ्यावरून, गादीवरून नळी फिरवत आणि मग वाटेत धरलेलं कापड दाखवत. कालच झटकलेल्या गादीतून निघालेली ती राखाडी भुकटी पाहून घरची बाई गप्प होई. बूथचा रुमालच तो, ऐंशी वर्षांनी आपल्या दिवाणखान्यात पोचलेला.

आईने ते यंत्र मनापासून वापरलं. दसऱ्याला पुस्तकं, कात्री, शिवणयंत्र यांच्या ओळीत तेही असे, झेंडूचं फूल आणि हळदकुंकू लावलेलं. पण बाबांचा त्रास म्हणावा तसा कमी होईना. सफाई झाली की ते गॅलरीत जाऊन बसत. कारण पुढे कळलं. तेव्हाच्या कापडी पिशव्या जाड कचरा धरत, बारीक धूळ मात्र विणीतून आरपार जाई आणि मागच्या जाळीतून फवाऱ्यासारखी खोलीत पसरे. जमिनीवर निवांत पडलेली धूळ आम्ही नाकाच्या उंचीवर आणून सोडत होतो. फिल्टरचं महत्त्व मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. गॅलरीतल्या त्या खुर्चीने शिकवलं.

पिशवीची एक गंमत आहे. नवी कोरी पिशवी गाळायला कच्ची असते. पहिल्या काही वापरांत धुळीचा पातळ थर आतून बसतो आणि तो थरच पुढच्या धुळीला अडवू लागतो. धूळच धुळीला गाळते. पण थर जाड होत गेला की हवाही अडते. या दोहोंच्या मधल्या काळात पिशवीचं काम सर्वांत चांगलं चालतं. म्हणून कागदी पिशवी गच्च भरेपर्यंत ताणू नये. दोन तृतीयांश भरली की बदलावी, आणि कापडी तेवढ्यातच रिकामी करावी.

डब्याच्या पाठीवर एक छोटी खिडकी असते आणि पिशवी भरली की तिथे लाल पट्टी दिसते. पुष्कळांना वाटतं, ती पिशवीतला कचरा मोजते. तिला कचऱ्याची काहीच माहिती नसते. आत स्प्रिंगवर बसवलेला एक तुकडा असतो आणि बाहेरच्या हवेच्या आणि पिशवीपलीकडच्या दाबातला फरक वाढला की तो सरकतो, एवढंच. नळी तुंबली, ब्रश सतरंजीला घट्ट चिकटला, तरी लाल दिसतं. म्हणून ती खिडकी वाचायची ती ब्रश हवेत उचलून, यंत्र पूर्ण जोरावर ठेवून. त्यातही आपल्या घरांचा एक खास पेच आहे, रांगोळीचा. शिरगोळ्याची भुकटी इतकी बारीक असते, की चिमूटभरसुद्धा पिशवीची छिद्रं बुजवून टाकते. पिशवी जवळजवळ रिकामी, खिडकी लाल, ओढ गेलेली, आणि घरातले म्हणतात यंत्र बिघडलं. भिंतीला भोक पाडताना पडणारी सिमेंटची भुकटी, पीओपीची पांढरी धूळ, सांडलेली पावडर, कणीक, सगळ्यांचा हाच गुण. हे सगळं केरसुणीने भरावं, उरलंसुरलं ओल्या फडक्याने टिपावं. उदबत्तीची किंवा धुपाची राख तर नळीच्या जवळपासही नेऊ नये. आत एखादी ठिणगी जिवंत असली तर कागदी पिशवीत तिला हवा आणि इंधन दोन्ही मिळतं.

एचईपीए, ज्याला सगळे हेपा म्हणतात, त्या फिल्टरचा जन्म दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबाँबच्या प्रकल्पात झाला. किरणोत्सारी कण हवेत सुटू नयेत म्हणून तो बनवला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण त्याने अडवले पाहिजेत, असा दंडक आहे. ०.३ च का, असं मला फार दिवस वाटायचं. आपण त्याला चाळणी समजतो, पण हा मामला चाळणीचा नाही. त्यात तंतूंचं अस्ताव्यस्त जाळं असतं आणि मधल्या फटी कणांपेक्षा पुष्कळ मोठ्या असतात. जड कण वळणावर हवेबरोबर वळू शकत नाहीत, सरळ जाऊन तंतूवर आदळतात आणि चिकटतात. अगदी बारीक कणांना हवेच्या रेणूंचे धक्के बसतात, ते वेडेवाकडे भरकटतात आणि कधी ना कधी एखाद्या तंतूला लागतातच. मधल्या आकाराचे तेवढे चतुर. ना ते जड, ना भरकटणारे. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे हे कण पकडणं सर्वांत अवघड, म्हणून परीक्षा त्यांचीच घेतात. त्याहून मोठे आणि त्याहून लहान, दोन्ही जास्त सहज सापडतात. हे पहिल्यांदा समजलं, तेव्हा मी बराच वेळ त्या घड्या घातलेल्या कागदाकडे बघत बसले होते.

खोक्यावर हेपा छापलंय म्हणून मात्र निर्धास्त राहू नये. फिल्टरच्या कडेला रबराची किनार असते. ती सुकली, चिरली किंवा बसवताना दुमडली, की हवा फिल्टरला वळसा घालून कडेने निघून जाते. अवघड वाटेने जायची तिला काय हौस? मग आतला फिल्टर कितीही उत्तम असो, खोलीत धूळ येतेच. जाळी काढल्यावर मी आधी तिच्या मागचं प्लास्टिक बघते. तिथे करड्या रेषा उमटलेल्या असतील, तर हवा कडेने गळतेय.

पिशवी नसलेली, गोल फिरवून धूळ वेगळी करणारी यंत्रं आली तेव्हा वाटलं, फिल्टरची कटकट संपली. जेम्स डायसन यांनी ५,१२७ नमुने बनवून हे तंत्र तडीस नेलं आणि १९९३ मध्ये स्वतःच्या नावाचं पहिलं यंत्र बाजारात आणलं. त्या चिकाटीपुढे मान लवते. वेगाने फिरणाऱ्या हवेतली धूळ बाहेरच्या भिंतीकडे फेकली जाते आणि खाली पडते, हे पारदर्शक भांड्यातून बघायलाही छान वाटतं. पण सगळ्यात बारीक धूळ तिथेही सुटते, आणि तिच्यासाठी त्या यंत्रांतही फिल्टर असतोच. शिवाय भांडं रिकामं करताना तोंडावर येणारा तो धुरळा! ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे, त्यांनी तोंड बंद होणारी कागदी पिशवीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे जातात, पण धूळ पुन्हा मोकळी होत नाही.

मोठ्या गोष्टींबरोबर या डब्यात बारीकसारीक खुब्या पुष्कळ आहेत. वायर ओढत गेलं की आधी पिवळी खूण येते, मग लाल. पिवळी म्हणजे एवढी ओढा, लाल म्हणजे आता बस. पिवळीच्या आत थांबू नये याला कारण आहे: गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि तास-दीड तासात आतली गुंडाळी तापते. ब्रशवर पायाने दाबायची पट्टी असते. एकीकडे दाबली की केस खाली येतात, लादीसाठी. दुसरीकडे दाबली की वर जातात, सतरंजीसाठी. मुठीवरची सरकती खिडकी उघडली की बाहेरची थोडी हवा आत येते आणि ओढ सौम्य होते. पडदा आत ओढला जाऊ नये, यासाठी ती. काही यंत्रांत पिशवी बसवली नसेल तर वरचं झाकणच लागत नाही. विसराळू माणसाची एवढी काळजी ज्याने घेतली, तो कारागीर मला आपला वाटतो.

आपल्याकडच्या बऱ्याच यंत्रांत नळी मागेही लावता येते, फुंकण्यासाठी. बूथने टाकून दिलेली कल्पना आपण सांभाळून ठेवली आहे. सरकत्या खिडक्यांच्या पन्हळीत, शिवणयंत्राच्या पोटात, कूलरच्या जाळीत साचलेलं फुंकून काढायला ती फार कामाची. नळी तुंबली तरी हाच उपाय. आधी नळी दोन्ही हातांनी उभी धरायची आणि वरून एक सुपारी सोडायची. खाली टपकली तर वाट मोकळी. न पडली तर बहुधा एखादी हेअरपिन आडवी बसलेली असते, तिला केस, केसांना दोरे आणि दोऱ्यांना शेंगांची टरफलं. नळीचं दुसरं टोक फुंकण्याच्या बाजूला लावून यंत्र चालू केलं, की तो बोळा सुपारीसकट बाहेर येतो. नळी फाटते ती नेहमी मुठीपाशी किंवा डब्यापाशी, जिथे ती वाकते. बऱ्याच नळ्यांची टोकं आट्यांवर फिरवून बसवलेली असतात. फाटलेला चार बोटं भाग कापून टोक पुन्हा फिरवलं, की नळी थोडी आखूड होते, पण नवी घ्यावी लागत नाही.

पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास जुनी विजेची यंत्रं दुरुस्त करणारे एक काका होते. त्यांच्याकडे कुणी "ओढ गेली" म्हणून यंत्र आणलं, की ते स्क्रू ड्रायव्हरला हातच लावत नसत. आधी मागची जाळी काढत, मग मोटरच्या तोंडावरचा स्पंज, आणि दोन्ही वर्तमानपत्रावर हलकेच आपटत. करडा ढीग पडे. "ताई, मोटर बघायच्या आधी हे बघायचं," ते म्हणाले होते. "माझ्याकडे येतात त्यातली निम्मी नुसती कोंडलेली असतात." मोटरमधून ठिणग्या दिसत असतील, जळकट वास येत असेल, तरच ते पुढे जात. मग मोटरमधले कार्बनचे ठोकळे बाहेर काढून नखाने मापत, झिजले असतील तर नवे घालत, तांब्याच्या कड्यावरची काजळी फडक्याने पुसत. स्वस्तात होणारं काम आहे हे, आणि त्याने यंत्र कित्येक वर्षं चालतं.

कोंडण्याचं कारण आपल्या वापरात आहे. आपल्या लाद्यांना केरसुणी आणि ओलं फडकं पुरतं. रोज व्हॅक्यूम क्लीनर काढायची गरज नाही, आणि तसा आग्रहही मी धरणार नाही. त्यामुळे यंत्र बाहेर निघतं दिवाळीच्या सफाईला, गाद्या-सोफे-पुस्तकं-पंखे सगळं एका दमात खातं आणि भरल्या पोटी माळ्यावर जातं. मग उन्हाळा जातो, पावसाळा येतो. साठलेली धूळ दमट हवेत ओल धरते, घट्ट होते, तिला वास लागतो. स्पंज आतून भुगा व्हायला लागतो. पुढच्या दिवाळीला बटण दाबलं की कुबट वास आणि ओढ नाही. भंगारवाल्याच्या हातगाडीवर मी अशी धडधाकट यंत्रं पाहिली आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो.

तेव्हा माळ्यावर ठेवण्याच्या दिवशीच पिशवी रिकामी करा, आणि नाकाला फडकं बांधून करा. स्पंज साध्या पाण्यात, न पिळता, दाबून दाबून धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. घड्यांचा फिल्टर धुण्याजोगा आहे असं त्यावर किंवा पुस्तिकेत लिहिलं असेल तरच त्याला पाणी लावा. नसेल तर हलकेच आपटून झटका आणि मुदत संपली की बदला. ब्रशने घासू नका, तंतू तुटतात. वाळवायचं सावलीत, पूर्ण एक दिवस. पावसाळ्यात मुंबई-कोकणात एका दिवसात वाळत नाही, म्हणून जास्तीचा एक फिल्टर घरात ठेवा. ओलसर फिल्टर घाईने बसवला, तर त्यावर धुळीचा चिखल होतो, बुरशी धरते आणि ओल मोटरमध्ये जाते.

आणि यंत्र भंगारात द्यायचं ठरलंच असेल, तर हाक मारण्याआधी मागची जाळी तेवढी एकदा उघडून बघा.